कल्ल्यांतल्या कृमीचे बारसे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण आमच्या धाकट्या जावेची मुलगी प्राणिशास्त्र शिकते आणि तिच्यासाठी बाजारातून मासे मीच आणते. तेव्हा जे पाहिले, तेवढेच सांगते.

मासळी घेताना आपण कल्ल्याचे झाकण उचलून आत लाल आहे ना, ते पाहतो. ही मुलगी तोच कल्ला कापून पाण्याच्या बशीत ठेवते आणि सूक्ष्मदर्शकातून पाहते. तिने मलाही दाखवले. शिवड्याच्या कल्ल्यांवर चपटे, पांढुरके कृमी वळवळत होते. एकेक मिलिमीटरहूनही लहान. मागच्या टोकाला आकडे. आपण गळाने मासा धरतो, हे आकड्यांनी माशालाच धरतात! एकाच कृमीत नर आणि मादी दोन्ही. घाबरू नका, माणसाला ते लागत नाहीत. मात्र तळ्यात मासे दाटीने वाढवले की हे फार माजतात, कल्ले खराब होतात आणि मासा श्वासावाचून मरतो.

नवी जात सापडली म्हणायची, तर आधी कृमी काचपट्टीवर चपटा करावयाचा. अंग मऊ, ते दबते. आकडे कठीण, ते तसेच राहतात. म्हणून आकड्यांचे माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत घेतात, चित्र काढतात आणि पूर्वी कोणी वर्णिलेल्या सगळ्या जातींशी ताडून पाहतात. इथेच खरी दमछाक. "काकू, हा जुनाच निघाला," म्हणून पोर किती वेळा हिरमुसली! नवाच ठरला तर एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावयाचा आणि दोन शब्दी नाव छापावयाचे. नाव माशाचे द्या, गावाचे द्या, गुरूचे द्या. स्वतःचे देण्याची रीत नाही. शिवड्यावरच्या अशा कृमींच्या एका गटाला 1952 साली लखनौच्या थापर सरांच्या नावावरून 'थापरोक्लायडस' म्हटले गेले.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "किड्याचे कसले बारसे?" त्यांना मी नॉर्वेची हकिकत सांगितली. 1957 साली स्वीडनच्या माल्मबर्ग यांनी सामन माशावरच्या एका कृमीचे वर्णन केले: गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस. हा कल्ल्यांपेक्षा अंगावर आणि परांवर अधिक असतो. त्याच्या घरच्या, बाल्टिककडच्या माशांना त्याचा फारसा त्रास नाही. पण 1970 नंतर माशांच्या पिलांबरोबर तो नॉर्वेत शिरला आणि पन्नासाच्या आसपास नद्यांतला सामन त्याने पार खालावून टाकला. तिथे त्याच्यासारखेच दिसणारे, फारसा उपद्रव न करणारे भाऊबंदही आहेत. ओळखावयाचा तो आकड्यांवरून, आता डीएनएवरूनही. तोच आहे असे ठरले, तर बहुधा नदीत औषध घालून सगळे मासे मारावे लागतात आणि नव्याने सोडावे लागतात. ओळखण्यात चूक झाली तर केवढा अनर्थ!

सासूबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या पोरीला चांगला चष्मा करून द्या."

तिच्या काचपट्ट्यांपैकी एकीवरचे आकडे अजून कोणत्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळलेले नाहीत. गुरुवारी आणखी शिवडे आणावयाचे आहेत.