कार्यालय त्यांचं, सामान आपलं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं असं ठरलं, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं होतं. डॉक्टर बोलला की लोक ऐकतात, शेती करणारा बोलला की ऐकतात. सॉफ्टवेअरवाली उभी राहिली की लोक चहाला जातात. पण मला आज एक कबुली द्यायची आहे, म्हणून उभी राहिले. ती येईपर्यंत थोडं कामाचं ऐका.

२००२ साली मी इंजिनिअर होऊन नोकरीला लागले, तेव्हा वेबसाइट चालवायची म्हणजे यंत्र आपलंच लागायचं. ऑफिसात काचेची एक खोली, त्यात सर्व्हर, त्याला एसी, आणि एसी बंद पडला तर टेबल फॅन. आमच्या एका ग्राहकाची साइट प्रवेशाच्या याद्या दाखवायची. वर्षभर तिकडे कुणी फिरकत नसे, आणि यादीच्या दिवशी अख्खा जिल्हा एका तासात यायचा. नवा सर्व्हर घ्यायचा तर कोटेशन, मंजुरी, खरेदी धरून दीड महिना. आणि घेतला, तरी उरलेले अकरा महिने तो नुसता गरम होत बसणार.

अशाच एका यादीच्या रात्री माझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं आईने, शेजारच्या काकांच्या रिक्षातून. मी त्या काचेच्या खोलीत सर्व्हर परत परत चालू करत होते. बाबा बरे झाले, आजही ठणठणीत आहेत. पण त्या रात्रीचं आमच्या घरी कुणी काही बोलत नाही.

हे दुखणं फक्त माझं नव्हतं. अमेरिकेत २००७ मध्ये हेरोकू नावाची कंपनी निघाली, एप्रिल २००८ मध्ये गूगलने ॲप इंजिन आणलं. म्हणणं साधं होतं: तुम्ही तुमचा प्रोग्रॅम द्या, यंत्रांचं आम्ही बघतो. याला आम्ही मॅनेज्ड क्लाउड प्लॅटफॉर्म म्हणतो. ‘क्लाउड म्हणजे नक्की कुठे गं?’ असं परवा ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं. आकाशात काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीतली यंत्रंच ती. ॲमेझॉनने मुंबईत ही सोय २०१६ मध्ये सुरू केली, गूगलने २०१७ मध्ये.

बाई, तुम्ही म्हणायचात, उदाहरण दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. तर मंगल कार्यालय घ्या. पूर्वी लग्न दारात व्हायचं. मांडव आपला, भांडी गावातून गोळा केलेली, पाणी कमी पडलं तर मुलीचा बाप बादली घेऊन धावणार. आता कार्यालयाला सांगायचं, साधारण एवढी पानं. पंगत वाढली की ते वाढपी वाढवतात, ओसरली की कमी करतात. आपण पानामागे पैसे द्यायचे. प्लॅटफॉर्म हेच करतो. गर्दी झाली की आपल्या प्रोग्रॅमच्या आणखी प्रती उभ्या करतो, येणाऱ्यांना त्यांच्यात वाटून देतो, एखादी प्रत मेली तर दुसरी आणतो आणि गर्दी सरली की आवरून ठेवतो.

आपल्या मेळाव्याची साइट मी अशीच चढवली. रविवारी रात्री नऊला ग्रुपवर लिंक टाकली आणि खिचडी खायला बसले. तुम्ही सगळे एकदम आलात, वर भावंडांना, पुढच्या-मागच्या बॅचना पाठवलंत. एकाच्या सहा प्रती झाल्या, माझ्या हाताला लागलेलं तूपही न पुसता! मनात म्हटलं, हे तेव्हा असतं तर.

आणि तेवढ्यात काहीजणांना साइट उघडेना. गणित सोपं होतं. वाढपी सहा झाले तरी आमटीचं पातेलं एकच होतं. ते पातेलं म्हणजे डेटाबेस, जिथे तुमची नावं नोंदली जात होती. त्याला एका वेळी १०० जोडण्या चालत होत्या. प्रत्येक प्रत २० धरून बसायची. सहा विसे एकशे वीस. मी प्रत्येकीला दहाच दिल्या, पाचापेक्षा जास्त प्रती नकोत असं बजावलं, आणि रांग सुरळीत झाली. तेव्हा प्रती वाढल्या की साइट वाढली, असं समजायचं नसतं; सगळ्या प्रती ज्या एका ठिकाणी हात घालतात तिथे आधी बघायचं. हे मला वीस वर्षं माहीत आहे. खिचडीच्या नादात विसरले.

आता कबुली. सोमवारी सकाळी शाळेच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, म्हणून मी साइट पुन्हा चढवली. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर तुम्ही रात्रभर बसून टाकलेले १४३ फोटो गेले. मी ग्रुपवर लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे फोटो पुन्हा पाठवावेत.’ तांत्रिक कारण मीच होते.

कार्यालयात पाटी असते ना, आपल्या सामानाची जबाबदारी आपली? इथेही ती आहे, ठळक अक्षरांत. नवी प्रत आली की जुनी तिच्या डिस्कसकट पुसली जाते. हेरोकूवर तर तुम्ही काही केलं नाहीत तरी दिवसातून एकदा यंत्र बदलतं. ठेवायची वस्तू वेगळ्या साठवणीत ठेवायची असते. लग्नातला आहेर हॉलमध्ये सोडून आपण घरी जात नाही. मी गेले होते.

बहुतेकांनी फोटो पुन्हा पाठवले, कुरकुर न करता. एक मात्र कुणाच्याच फोनमध्ये सापडेना. निरोपाच्या दिवसाचा, आपल्या मराठीच्या बाईंचा, पायरीवर बसून डबा खातानाचा. बाई आता नाहीत. ज्याने तो टाकला होता त्याने मधल्या काळात फोन बदलला होता. त्याला मी फोन करून खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, मूळ फोटो गावी आईच्या ट्रंकेत आहे. शनिवारी एसटीने गेला आणि घेऊन आला. आज दारातून आत येताना डाव्या हाताला लावलाय तो हाच. त्याचं नाव घेऊ नको अशी त्याने ताकीद दिली आहे, म्हणून घेत नाही.

फोटो आता वेगळ्या साठवणीत आहेत, एक प्रत माझ्या घरच्या डिस्कवर आहे. पण एक प्रश्न उरतो, आणि तो तुमच्यापुढे ठेवते. साइटचा महिन्याचा खर्च माझ्या कार्डावर पडतो. फार नाही, आपल्या एका नाश्त्याएवढा. खर्च वाढला तर मला मेल येईल अशी सोय आहे, पण मेल आला म्हणून खर्च थांबत नाही, म्हणून प्रतींची मर्यादा पाचवरच ठेवली आहे. फुकटात का नाही, असं कोषाध्यक्ष विचारतील. हेरोकूवर फुकट सोय होती. २०२२च्या नोव्हेंबरात त्यांनी ती बंद केली. कार्डाची मुदत संपली, किंवा मलाच काही झालं, तर आपली साइटही तशीच बंद पडेल, आणि पासवर्ड आज फक्त माझ्याकडे आहे.

मला आणखी दोघं हवे आहेत. इंजिनिअर नसले तरी चालेल. उलट ज्यांना वेळेवर बिल भरायची सवय आहे असे हवेत. ‘क’ तुकडीतून एकजण तरी यावा, कारण पंचवीस फोटो अजून त्यांच्याकडूनच यायचे आहेत. जेवणानंतर मी त्या पायरीपाशी थांबते. येताना फोन चार्ज करून आणा.