शाळेतले आरोग्य कोणत्या मापाने मोजायचे?



शाळा माझी लवकर सुटली. पुढे १९४८ चा कारखाने कायदा हेच माझे क्रमिक पुस्तक झाले. पिण्याचे पाणी मोरी-संडासापासून सहा मीटरच्या आत नको, आणि तिथली पाटी बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत हवी, असे तो सांगत असे. सहा मीटर! फीत लावा, खरेखोटे कळते.

शाळांतल्या आरोग्यशिक्षणाला अशी फीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाणी आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची केली. २०२० साली केंद्राने शाळेगणिक दोन आरोग्यदूत शिक्षक आणि अकरा विषय ठरवले. चांगलेच केले. पण विषय म्हणजे माप नव्हे. मुलगा स्वच्छतेवर दहा ओळी लिहून गुण मिळवतो आणि नळ कोरडा म्हणून तसाच खिचडीला बसतो.

राज्याने इयत्तावार लिहावे, मुलाला काय करता आले पाहिजे ते. पाचवीत, जुलाब झालेल्या धाकट्या भावासाठी लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवणे. आठवीत, दोन आठवडे खोकणाऱ्या काकाला क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते हे सांगणे. पाळीचा धडा मुलग्यांनाही हवा. २००७ साली आपल्याच राज्याने लैंगिक शिक्षण शाळेबाहेर काढले होते. त्या मौनाने कोणत्या मुलीचे रक्षण झाले?

आणि हे लिहिलेले शाळेच्या दारावर लावा, पालकांना समजेल अशा भाषेत. गडचिरोलीत गोंडीतही.