नावांत साठलेली नजर



संस्कृतचे पहिले धडे गिरविणारा विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतो. ‘मृग’ म्हणजे हरिण, तर सिंहाला ‘मृगेंद्र’ का म्हणावे? हरिणांचा राजा सिंह कसा? उत्तर शब्दाच्या वयात दडलेले आहे. ‘मृग’ म्हणजे मुळात रानातील कोणताही पशू. ऋग्वेदात हत्तीला ‘मृग हस्ती’, म्हणजे हात असलेला पशू, म्हटले आहे. म्हणून पशूंचा राजा तो मृगेंद्र, पशूंचा माग काढणे ती मृगया आणि फांद्यांवर वावरणारा वानर तो शाखामृग. फारसीत पक्ष्याला ‘मुर्ग’ म्हणतात. तो शब्दही याच कुळातला. पुढे अर्थ आकसला आणि मृग हरिणापुरता उरला.

पर्यायी नावे पाठ करणे हा अनेकांना कंटाळवाणा व्यायाम वाटतो. वस्तुतः प्रत्येक नाव ही कोणा पाहणाऱ्याची साक्ष असते. हत्ती आधी सोंडेने पाणी ओढतो, मग ते तोंडात सोडतो. म्हणून तो ‘द्विप’, दोनदा पिणारा. साप छातीवर सरपटतो, म्हणून ‘उरग’. मार्जार या शब्दात ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणे हा धातू आहे. केरसुणीला संमार्जनी म्हणतात ती त्यावरूनच. ओसरीवर बसून अंग चाटणारे मांजर ज्याने पाहिले, त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही.

अमरकोशाची मांडणीही अशीच बोलकी आहे. सिंह, वाघ सिंहादिवर्गात. पण हत्ती-घोडे सैन्याचे म्हणून क्षत्रियवर्गात, गाय-बैल कृषी-गोरक्षणाचे म्हणून वैश्यवर्गात, तर साप पातालभोगिवर्गात. पशूचे स्थान त्याच्या माणसाशी असलेल्या नात्यावरून ठरले.

मात्र अभिमानाला विवेकाची जोड हवी. सापाला ‘चक्षुःश्रवा’, डोळ्यांनी ऐकणारा, म्हटले गेले. त्याला बाहेरचा कान नसतो हे निरीक्षण अचूक. तो डोळ्यांनी ऐकतो हा तर्क मात्र चुकीचा. कंपने त्याच्या जबड्यातून अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. ‘हिंस्’मधील अक्षरांची उलटापालट होऊन ‘सिंह’ झाला, ही जुनी व्युत्पत्तीही भाषाशास्त्र स्वीकारत नाही. पूर्वजांच्या नजरेचा खरा मान राखायचा, तर त्यांचे चुकलेले तर्कही मोकळेपणाने सांगावे लागतात.

आता चित्त्याकडे पाहावे. त्याच्या नावात ‘चित्र’ आहे, म्हणजे ठिपकेदारपणा. हेच नाव इंग्रजीनेही उचलले. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शब्द राहिला, पण डोळ्यांपुढचे जनावर गेले. मग अनेकांच्या बोलण्यात बिबट्याच चित्ता ठरला. वास्तविक चित्त्याचे ठिपके भरीव असतात, तर बिबट्याचे कड्यांसारखे. अंगावर जणू बेटे असलेल्या बिबट्याला संस्कृतात ‘द्वीपी’ असे सार्थ नाव होते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात उतरले आणि रिकाम्या झालेल्या शब्दाला पुन्हा देह मिळाला.

प्राणी गेला की नाव पोकळ होते. नाव विसरले की प्राण्याकडे पाहण्याची एक रीत हरवते. म्हणून घराघरांत मुलांना नाव सांगताना ते का पडले, हेही सांगावे. आणि शक्य तेव्हा पुस्तक मिटून त्यांना ओसरीवरचे मांजर दाखवावे.