मुका पहारेकरी



आमच्या एक वृद्ध मावशी घोडेगांवीं राहतात. गेल्या वर्षीं जुन्नरास त्यांच्या दिराच्या नातवाची मुंज झाली. निमंत्रण ई-मेलनें गेलें. मावशींनीं पत्र उघडलें, तों 'सहकुटुंब यावें' एवढीच ओळ आणि खालीं कोरी जागा. तिथि नाहीं, स्थळ नाहीं. "बोलावणें मनापासून असतें, तर दिवस तरी कळविला असता," असें म्हणून त्या घरीं राहिल्या. तिकडे यजमानांस वाटलें, वहिनी रुसल्या. चार महिने दोन्ही घरांत अबोला होता. आणि दोष होता माझा.

खासगीपणा राखणारें एक एक्स्टेन्शन मावशींच्या ब्राउझरला मींच जोडून दिलें होतें. ई-मेलमधील कांहीं चित्रें पत्राबरोबरच येतात. कांहींचा पत्रांत केवळ पत्ता असतो, आणि पत्र उघडल्यावर तीं दूरच्या सर्व्हरवरून मागविलीं जातात. या मागणीवरूनच पाठविणाऱ्यास कळूं शकतें, कीं पत्र केव्हां उघडलें व कोणत्या नेटवर्कवरून. त्यासाठीं जाहिरातदार एका पिक्सेलचें, डोळ्यांस न दिसणारें चित्रहि पत्रांत ठेवितात. म्हणूनच २०१३ पासून जीमेल अशीं चित्रें स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणूं लागलें. २०२१ मध्यें ॲपलनेंहि आपल्या मेलमध्यें संरक्षणाची सोय केली. तेव्हां पहाऱ्याचा संशय निराधार नव्हता. परंतु मुंजीची सारी पत्रिका एका दूरस्थ चित्रांत होती. पहारेकऱ्यानें हेर समजून पाहुण्यालाच परतविलें, आणि घरधन्यास सांगितलेंहि नाहीं! मावशींनीं 'चित्रें दाखवा' हें बटण दाबून पाहिलें. तें व्यर्थ गेलें. कारण मनाई मेलसेवेची नव्हती, ब्राउझरांतील एक्स्टेन्शनची होती.

जुन्नर तालुक्यांतच खोडद येथें रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशांतील क्षीण संदेशांत पृथ्वीवरचा गोंगाट मिसळतो, व शास्त्रज्ञांस तो वगळावा लागतो. परंतु वगळलेल्या भागावर ते खूण ठेवितात. काय टाकलें, हें पुढें तपासतां येतें. आपल्या पहारेकऱ्याकडूनहि एवढीच अपेक्षा आहे.

तोंवर आपणच सावध असावें. पत्र कोरें दिसल्यास तें दुसऱ्या ब्राउझरमध्यें उघडून पाहावें. तेथें चित्र दिसलें, तर एक्स्टेन्शनच्या चिन्हावर क्लिक करून काय अडविलें तें पाहावें, आणि पाठविणारा ओळखीचा असेल तरच वाट मोकळी करावी. पहारा मात्र समूळ काढूं नये. पत्र पाठविणाऱ्यांनींहि तिथि, वेळ व स्थळ अक्षरांत लिहावें.

मीं घोडेगांवीं जाऊन तें चित्र मावशींस उघडून दाखविलें. निमंत्रकांच्या नांवांत पहिलेंच नांव त्यांचें होतें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "जुन्नरची एस. टी. किती वाजतां आहे रे?"