मायक्रोमीटरचं शून्य



संयोजकांनी मला ‘महिला आणि तंत्रज्ञान’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे संगणकावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. पण तंत्रज्ञान म्हटलं की मला आपल्याच वर्गातली एक मुलगी आठवते. तिच्याविषयी बोलते. तिला विचारूनच बोलते आहे. नाव सांगणार नाही. कुणी ओळखलंत, तर कृपा करून तुम्हीही घेऊ नका.

शाळेत येताना कुणाच्याही सायकलची चेन पडली की आपण तिलाच हाक मारायचो. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम असायचं. ती शिवायची कमी आणि बिघडलेली शिलाई मशीन उघडून जास्त बसायची. बाई रागवायच्या, पण मशीन अडलं की तिलाच बोलवायच्या. दहावीनंतर मी सायन्सला गेले. ती आयटीआयला गेली, टर्नर ट्रेडला. दोन वर्षांचा कोर्स तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केला आणि १९९८ साली जिल्ह्याबाहेरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागली. शॉपमध्ये ती एकटीच मुलगी होती.

पहिले दोन महिने तिला लेथला हात लावू दिला नाही. झाडलोट, स्टोअरचं रजिस्टर, पाहुणे आले की चहा. तिच्याबरोबर लागलेली मुलं तेवढ्यात थ्रेडिंगपर्यंत पोचली होती. बायकांसाठी एकच स्वच्छतागृह, तेही ऑफिसच्या इमारतीत आणि किल्ली टाइम ऑफिसात. किल्ली मागायला गेलं की तिथले लोक हसायचे. तिने दिवसभर पाणी प्यायचं बंद केलं.

मग मशीन मिळालं. तिचे जॉब रिजेक्ट व्हायला लागले. प्रत्येक वेळी व्यास दोन शतांश मिलिमीटरने कमी. तिला कळेना. सकाळी तिने स्वतः मायक्रोमीटरची तोंडं मिटवून शून्य जुळतंय का ते पाहिलेलं असायचं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पाहिलं, तर शून्य सरकलेलं होतं. सुट्टीत कुणीतरी पाना लावून ते हलवून ठेवत होतं. तिने सुपरवायझरला सांगितलं, तर तो म्हणाला, “शून्य तपासायचं आयटीआयमध्ये शिकवलं नाही का?”

त्यानंतरची गोष्ट सांगणं अवघड आहे, पण सांगते. लेथवर उभं असताना समोर चक फिरत असतो. सैल बाही, ओढणी, मोकळे केस, काहीही त्यात ओढलं जाऊ शकतं. अशा वेळी मागून येऊन कुणीतरी कमरेला हात लावायचं. ती मला म्हणाली, “अगं, तिथे दचकायचीसुद्धा सोय नसते. दचकले तर हात चकात जाईल.” ज्याने हात लावला त्यालाही हे माहीत होतं. तोही टर्नरच होता.

एक म्हातारे मिस्त्री होते. ते तिला जेवणाच्या सुट्टीत टूल ग्राइंड करायला शिकवायचे. कापताना लोखंडाचा आवाज कसा ऐकायचा, बर कोणत्या रंगाची पडली की वेग कमी करायचा, हे त्यांनीच तिला दाखवलं. मग शॉपमधल्या लोकांनी त्यांचीही थट्टा सुरू केली, घाणेरड्या शब्दांत. त्यांना सुना-नातवंडं होती. त्यांनी शिकवणं बंद केलं.

मला वाटतं, खरं नुकसान इथे झालं. माझ्या कामात कुणी मला शिकवलं नाही, तर मी रात्री घरी बसून पुस्तक वाचू शकते, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम उघडून बघू शकते. हातातलं कसब तसं मिळत नाही. ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच मिळतं. तिच्या शेजारी कुणालाच उभं राहू दिलं नाही, म्हणजे विद्येचं दारच बंद केलं.

आठव्या महिन्यात तिने काम सोडलं. अप्रेंटिसशिपची परीक्षा राहिली ती राहिलीच.

सोडण्याआधी तिने मला एक आंतर्देशीय पत्र पाठवलं होतं. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर होते. तिने सगळं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं, “दुर्लक्ष कर. वर्षभराचाच तर प्रश्न आहे.” गेल्या दिवाळीत तिच्या घरी गेले तेव्हा तिने ते पत्र मला दाखवलं. अक्षर माझंच होतं. मला ते पूर्ण वाचवलं नाही.

मला तेव्हा कायदा माहीत नव्हता, हे खरं. पण कायदा होता. राजस्थानातल्या भँवरीदेवी बालविवाह थांबवायला गेल्या आणि १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल दिला आणि कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असली पाहिजे असं सांगितलं. माझी मैत्रीण त्या कारखान्यात लागली तेव्हा या निकालाला जवळपास वर्ष होत आलं होतं. तिथे समिती नव्हती, साधा कागदही लावलेला नव्हता. १९७६ चा समान वेतन कायदाही होता. त्यात नुसता पगार नव्हता. नोकरीत घेतल्यावर बढती, बदली आणि प्रशिक्षण यांतही बाई म्हणून भेदभाव करायला बंदी होती. प्रशिक्षण! म्हणजे तिला लेथपासून लांब ठेवणंसुद्धा बेकायदेशीर होतं. आम्हा दोघींना ते कुणी सांगितलं नाही.

आज मी आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर आहे. तिथल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. पण २०१३ चा कायदा त्यामुळे नीट वाचला, आणि वाचताना सारखी तिचीच आठवण येत होती. त्यात अप्रेंटिसचा उल्लेख स्पष्ट आहे. कंत्राटी कामगार आहे, शिकाऊ आहे, रोजंदारीवरची बाईसुद्धा आहे.

आपल्यातल्या कितीतरी जणांची आज उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात वर्कशॉप आहेत. मला तुमचा अभिमान वाटतो, म्हणून हक्काने सांगते. “आमच्याकडे बाईच नाही, समिती कशाला?” असं म्हणू नका. कायदा बायका मोजत नाही, माणसं मोजतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर समिती लागते, नाहीतर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहाच्या आत असाल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिची माहिती शॉपमध्ये लावा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. हेही लिहून लावा.

पण कागद लावून सगळं होत नाही. स्वच्छतागृह बांधा आणि किल्ली तिच्याच हातात द्या. कपडे बदलायला आडोसा ठेवा. पहिल्याच आठवड्यात तिला मशीन द्या, आणि शिकवायची जबाबदारी एका मिस्त्रीच्या नावावर लिहा. त्या मिस्त्रीची कुणी थट्टा केली, तर मालक म्हणून तुम्ही स्वतः मध्ये पडा. आणि चालू मशीनवर कुणालाही हात लावणं म्हणजे चकात किल्ली विसरून मशीन चालू करण्याइतकाच गुन्हा, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा.

सर, बाई, तुम्ही आजही मुलींना आयटीआयला पाठवता, याचा आनंद आहे. फक्त एक विनंती. ती लागल्यावर सहा महिन्यांनी तिला एक फोन करा. “पगार किती?” हे विचारण्याआधी “मशीन मिळालं का?” हे विचारा.

आणि आपल्यापैकी कुणाला कुणी असं काही सांगितलं, तर “दुर्लक्ष कर” एवढं म्हणू नका. ते मी म्हणून पाहिलं आहे. तारीख विचारा, वेळ विचारा, तिथे कोण होतं ते विचारा आणि लिहून काढायला मदत करा. तिच्याबरोबर जा.

ती आज घरी शिवणकाम करते. गल्लीतल्या सगळ्यांच्या शिलाई मशिनी तीच दुरुस्त करते. या भाषणासाठी परवानगी मागायला फोन केला तेव्हा म्हणाली, “बोल. पण मी रडत होते असं सांगू नकोस. मी चांगली टर्नर होते, ते सांग.”

म्हणून सांगते. ती चांगली टर्नर होती.