वांती आणि तिचे औषध



जळगाव-धुळ्याकडील आपल्या घरांतून पोट ढवळले की दुकानातून वांतीची गोळी आणण्याचा प्रघात पडला आहे. गोळी वाईट नव्हे. परंतु वांती हा स्वतः रोग नसून शरीराने धाडलेला निरोप आहे. तो कोठून आला हे न पाहता निरोप्याचे तोंड बंद करणे धोक्याचे होय, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

मेंदूच्या तळाशी वांतीचे केंद्र असते. त्यास पोटातून, रक्तातून व कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागातून वर्दी पोहोचते. चाळीसगावाहून कन्नडचा घाट चढताना मळमळते, ती कानाची वर्दी. तीस प्रोमेथाझिन आवरते. मात्र ते प्रवासापूर्वी घ्यावे लागते, त्याने झोप येते, आणि दोन वर्षांखालील मुलास ते मुळीच देऊ नये. डोम्पेरिडोन रक्तातील वर्दी अडविते व पोटातील अन्न पुढे सरकविते. ऑनडॅनसेट्रॉन पोटाकडून मज्जातंतूंवाटे येणारी वर्दी रोखते. या दोहोंनी क्वचित हृदयाची लय बिघडते. सबब हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ती घेऊ नयेत, व मात्रा कोणीही आपल्या मनाने वाढवू नये.

लेकरास जुलाब-वांती झाल्यास खरे भय अंगातील पाणी आटण्याचे. वांतीनंतर दहा मिनिटे थांबून जलसंजीवनीचे पाणी चमच्या-चमच्याने पाजीत राहावे. पुडीवर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती पुडी कालवावी.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आपला खानदेश कपाशीचा मुलूख. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. फवारणीहून परतलेल्या मनुष्यास वांती, घाम, लाळ अथवा धाप सुरू झाली, तर ती विषाची वर्दी समजावी. अशा वेळी वांतीची गोळी देऊन त्यास निजविणे म्हणजे अमोल वेळ दवडणे होय. अंगावरील कपडे उतरवावे, अंग साबणाने धुवावे, मुद्दाम वांती करवू नये, आणि फवारणीच्या औषधाचा डबा बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गाठावे.

रक्ताची वा हिरवी वांती, डोक्यास मार लागल्यावरची वांती, असह्य पोटदुखी, यांतही हाच नियम. आधी निरोप ऐकावा, मग औषध द्यावे.