माशीचा आखाड

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. जेवणाआधीचा अर्धा तास आमच्या वाट्याला आला आहे आणि विषय आहे मधमाशीच्या पेट्यांचा. काही जण मनात म्हणाले असतील, की आता हेही जोडधंद्याचे गाणे गाऊ लागले. म्हणून आधीच सांगून टाकतो. कपाशीचा खर्च निघत नाही तर कोंबड्या पाळा, शेळ्या पाळा, माशा पाळा, असा उपदेश करणाऱ्यांतले आम्ही नाही. शेतमालाच्या भावात झालेले नुकसान मधाच्या बाटलीतून भरून निघत नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या बांधावर पेट्या आल्या आहेत आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातल्या कितीतरी रिकाम्या होतात. पैसे देऊन आणलेले मोहोळ निव्वळ अज्ञानापोटी मरावे, हे आपल्याला परवडणारे नाही. त्या अज्ञानात आमचाही वाटा आहे. म्हणून हे सांगण्याचे काम आम्ही अंगावर घेतले.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. तिथे मधमाशीवर जे वाचले ते बहुतेक थंड मुलखातले होते. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी मिळून सातेरी माशीच्या 12 पेट्या घेतल्या. ज्या कार्यालयातून त्या आल्या, तिथून एक छापील पत्रकही मिळाले. त्यात लिहिले होते, हिवाळा लागण्यापूर्वी माशांना साखरेचा पाक द्यावा. आमच्या पुस्तकातही तेच होते. आम्ही दिवाळी झाल्याबरोबर पाक करून पेट्यांत ठेवला. शेतात तूर फुललेली, कपाशीला फूल होतेच. माशीला बाहेर खायला भरपूर असताना आम्ही तिला घरात साखर वाढत होतो. ती साखर तिने वरच्या कप्प्यात नेऊन साठवली आणि त्या मोसमाचा मध आम्हाला मध म्हणून विकता आला नाही.

पुढे पौष-माघात धणे आणि करडई फुलली, चैत्रात कडुनिंब फुलला. मध चांगला आला. वैशाखात आम्ही वरच्या कप्प्यातला सगळा मध काढला. हाव सुटली म्हणून खालच्या, पिल्लांच्या कप्प्यातल्या मधाच्या चौकटीही पिळून घेतल्या. मग मृग आला आणि आम्ही पेरणीला लागलो. दीड महिना पेट्यांकडे कुणी फिरकले नाही. आखाडात उघडून पाहिल्या तेव्हा काही पेट्यांत माशा घरांत डोके खुपसून मेलेल्या होत्या. माशी तशी मेली तर समजावे की ती उपाशी मेली. शेवटचा थेंब चाटायला ती आत शिरलेली असते. काही पेट्यांतून मोहोळ उठून गेले होते आणि रिकाम्या पोळ्यांना मेणकिडा लागला होता. पोळ्याच्या सणाला 12 पैकी 3 पेट्या जिवंत होत्या.

तेव्हा शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पुस्तकातल्या माशीले थंडीत भूक लागत असंन. आमच्या माशीले त आखाडात लागते." आमच्या पदवीत जे नव्हते ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.

आता पुस्तकही खोटे नव्हते, हे समजून घ्या. इंग्लंड, कॅनडा अशा मुलखांत थंडी पडली की महिनोन्‌महिने फूल नसते. माशी झोपत नाही. सगळ्या माशा राणीभोवती गोळा होऊन एक गच्च गोळा करतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि त्यासाठी साठवलेला मध जाळतात. उन्हाळ्यात जी कामकरी माशी सहा-एक आठवडे जगते, ती हिवाळ्यासाठी जन्मली तर काही महिने जगते. इंग्लंडात एका मोहोळाला हिवाळा काढायला सुमारे 18 ते 20 किलो मध लागतो असे धरतात. तो कमी असेल तर थंडीआधी, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक देऊन तूट भरून काढतात. हे काम वेळेत संपवावे लागते. पाकातले पाणी वाळवून, घरे मेणाने बंद करायला माशीला ऊबदार दिवस लागतात. आपल्या देशातही काश्मीर आणि हिमाचलच्या उंच भागांत हीच रीत लागू पडते. तिथले काही जण थंडीत पेट्या ट्रकवर घालून खाली राजस्थानच्या मोहरीवर नेतात. ज्या मेलिफेरा माशीच्या पेट्या ते नेतात, ती विलायती माशी आपल्या देशात 1962 साली कांगड्याच्या नगरोटा बगवाँ इथे पहिल्यांदा नीट रुजली.

म्हणजे तत्त्व एकच आहे. उपासाचा काळ येण्यापूर्वी माशीच्या कणगीत किती आहे ते पाहावे आणि कमी असेल ते भरावे. चूक झाली ती महिन्याची. आपल्या कोरडवाहू मुलखात हिवाळा हा माशीचा सुगीचा काळ आहे. तिच्या उपासाचे दिवस मृगापासून पोळ्यापर्यंत. शेतात पीक कोवळे, झाडाला फूल नाही, आणि जे आहे तिथे जायला झड उघडत नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या आजोबांच्या घरीही कणगी आखाडातच रिकामी होत असे. जुन्या लोकांना ज्वारीची लेव्ही आठवत असेल. खळ्यावरून माप गेले आणि घरात पेरणीपुरतेही राहिले नाही, हे ज्यांनी पाहिले त्यांना अजून त्याचा राग आहे. मग माशीच्या बाबतीत आपण काय केले? वैशाखात तिच्या खळ्यावर जाऊन सगळे माप उचलले. तिच्यापुरते आपणच लेव्हीवाले झालो.

म्हणून आम्ही आता काय करतो ते क्रमाने सांगतो. ज्यांच्याकडे पेट्या आहेत त्यांनी लिहून घ्यावे.

पहिले, मध काढण्याबद्दल. अक्षय तृतीया तोंडावर आली आहे. कडुनिंब-करंजाचा मध घेऊन झाला की त्यानंतर पेटीला हात लावायचा नाही. आणि कधीही, कोणत्याही मोसमात, खालच्या कप्प्यातला मध काढायचा नाही. वरचा आपला, खालचा तिचा.

दुसरे, मृगाआधीची तयारी. पेटी मागून एका हाताने थोडी उचलून पाहा. चार पेट्या उचलल्या की जड कोणती आणि हलकी कोणती ते हाताला कळते. हलकी असेल तिला पावसाआधीच, कोरड्या हवेत, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक द्या. माशांनी न झाकलेल्या जास्तीच्या चौकटी काढून घ्या, नाहीतर मेणकिडा तिथेच घर करतो. दोन मोहोळे अगदी दुबळी असतील तर जाणत्याच्या हाताने त्यांचे एक करून घ्या. पेटी दगडावर किंवा घोडीवर उंच ठेवा, पुढे किंचित कलती, म्हणजे पाणी आत साचणार नाही. तोंड पूर्वेला करा. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढणार नाहीत.

तिसरे, पावसाळ्यातले खाद्य. सातेरीच्या एका पेटीला आठवड्याला 200 ग्रॅम साखर, तितक्याच पाण्यात. पाणी उकळून खाली उतरवा, मग साखर घालून ढवळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. साखर विस्तवावर करपवू नका. गूळ किंवा काकवी देऊ नका, माशीला हगवण लागते. बाजारचा मधही देऊ नका, दुसऱ्या मोहोळाचा रोग त्यातून येतो. बरणीच्या झाकणाला बारीक भोके पाडा आणि ती चौकटींवर पालथी ठेवा. बरणी नसेल तर नारळाची करवंटी चालते, पण तिच्यात काड्या टाका, नाहीतर माशा बुडून मरतात. पाक नेहमी सायंकाळी द्यावा, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्यावा, बाहेर थेंब सांडू देऊ नये आणि पेटीचे दार बारीक ठेवावे. दिवसा दिला किंवा सांडला, तर ताकदीच्या पेटीतल्या माशा दुबळ्या पेटीवर तुटून पडतात आणि तिला लुटून नेतात. भुकेच्या दिवसांत माशीची जातही माणसासारखीच वागते.

चौथे, आणि हे आमच्या मते सगळ्यात मोलाचे. कपाशी साधारण पोळ्याच्या आसपास फुलावर येते. तीळही त्याच सुमाराला. आता उलटे मोजा. राणीने अंडे घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतर दोन ते तीन आठवडे ती घरातलीच कामे करते, मग फुलावर जाते. म्हणजे पोळ्याला जी माशी कपाशीवर हवी, तिचे अंडे दीड महिना आधी पडायला हवे. आषाढीपासून पोळ्यापर्यंत साधारण तितकेच दिवस असतात. पेटीत खायला नसेल तर राणी अंडी घालणे थांबवते आणि फूल येते तेव्हा माशीच नसते. म्हणून एवढे ध्यानात ठेवा, आषाढी एकादशीला आपण उपास धरावा आणि माशीचा सोडावा. त्या दिवसापासून आठवड्याचा पाक दोन वेळा वाटून द्या. कपाशीच्या फुलातून तिला मकरंद मिळतो, ज्वारी-मक्याच्या तुऱ्यातून पराग. एक तिची भाकरी, दुसरी तिची डाळ.

आता हिशेब. मृगापासून पोळ्यापर्यंत सुमारे 11 आठवडे. आठवड्याला 200 ग्रॅम म्हणजे एका पेटीला 2 किलो 200 ग्रॅम साखर. 45 रुपये किलोने 99 रुपये झाले. मेलिफेरा असेल तर तिचे मोहोळ मोठे, तिला दुपटीहून जास्त धरा. आमच्या 12 पेट्यांना मिळून 1188 रुपये लागले असते. ते आम्ही वाचवले आणि 9 मोहोळे घालवली. याला बचत म्हणायचे की काय, ते तुम्हीच ठरवा.

पण एक पथ्य कडक पाळायचे. पाक द्यायचा तो वरचा मधाचा कप्पा काढून ठेवूनच, आणि शेतात फूल आले की पाक बंद. साखर खाऊन माशीने साठवलेला पाक हा मध नाही. तो मध म्हणून विकला तर आपण भेसळ केली. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 13 ब्रँडच्या मधाच्या तपासण्या जाहीर केल्या. जर्मनीत केलेल्या तपासणीसह सगळ्या कसोट्यांना त्यातले फक्त 3 उतरले. साखरेच्या पाकाची भेसळ इतकी चालत असेल तर खऱ्या मधाला भाव कुठून मिळणार? शेतकऱ्याच्या मधाला त्याच्या नावावर गिऱ्हाईक मिळते. ते नाव 99 रुपयांच्या साखरेसाठी घालवू नका.

शेवटची गोष्ट फवारणीची. आखाडभर पोसलेली माशी पोळ्यानंतर कपाशीवर जाते आणि नेमके तेव्हाच आपले पंप सुरू असतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध धडधाकट माणसाला लोळवते, त्यापुढे माशीचा काय पाड? फवारायचेच असेल तर माशा घरी परतल्यावर, सायंकाळी फवारा, तोंड-नाक-हात झाकून. आणि शेजाऱ्याची पेटी असेल तर त्याला आदल्या दिवशी निरोप द्या. एवढा निरोप द्यायला कुठली योजना लागत नाही.

भावांनो आणि मायबहिणींनो, आमच्या त्या 3 पेट्यांच्या आता परत 10 झाल्या आहेत. त्यात आमची हुशारी काही नाही. पुस्तक हातात ठेवले, पण महिना आपल्या शिवाराला विचारून ठरवला. दुसऱ्या मुलखासाठी लिहिलेला सल्ला आपल्या गळ्यात मारला जाणे हे आपल्याला नवे नाही. बियाण्यात, खतात, औषधात आपण ते भोगले आहे. या वेळी सल्ला देणारे आम्ही होतो, म्हणून उभे राहून सांगितले.

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली पेटी एका हाताने उचलून पाहावी आणि जड की हलकी ते तारखेसह वहीत लिहावे. आखाडात दर आठवड्याला असेच लिहावे. पोळ्यानंतरच्या मेळाव्याला त्या वह्या घेऊन या. कुणाचे मोहोळ जगले, कुणाचे गेले आणि का गेले, ते आपण एकत्र बसून पाहू. आमची वही सगळ्यांत आधी उघडू.

जेवणाची वेळ झाली आहे.